आईने एकच सिनेमा दोनदा पाहिला

मागच्या मे महिन्यातली गोष्ट, नवतपा सुरू व्हायच्या आधीची. दुपारी घरातले सगळे समोरच्या खोलीत पडलेले, कूलर फुल्ल स्पीडवर, आणि आईने टीव्हीवर तिच्या लग्नाच्या आधीच्या काळातला एक सिनेमा लावला, जो तिला कित्येक वर्षांपासून परत बघायचा होता. अर्ध्या तासात तिचा डोळा लागला. संध्याकाळी चहा घेताना म्हणाली, "तेव्हा एवढा काऊन आवडला होता कोण जाणे, काही खास नाही त्याच्यात." मग डिसेंबरमधे तोच सिनेमा नव्याने साफसूफ करून परत टॉकीजला लागला, मी तिला जबरदस्ती घेऊन गेलो, आणि इंटरव्हलला बघतो तर पदर डोळ्याला. घरी येताना स्कूटरवर मागे बसून नागपुरात बर्डीपासून महालापर्यंत ती फक्त सिनेमाबद्दलच बोलत होती.

सिनेमा तोच, आई तीच, मधे सहा-सात महिने. मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो त्यामुळे असं काही दिसलं की मला ते सोडवत नाही. भाच्याला सांगितलं तर तो मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "मामा सिंपल आहे ना, तिकडे पडदा मोठा."

ऐकायला पटतं. पण टेप घेऊन मोजलं की गडबड होते.

डोळ्याला पडद्याची लांबी-रुंदी कळत नाही, कळतो तो कोन, म्हणजे पडद्याच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत डोळ्यापाशी किती अंश होतात ते. आमचा टीव्ही ५५ इंची आहे, त्याची रुंदी साधारण १२२ सेंटीमीटर, आणि सोफा ३ मीटरवर. हिशोब केला तर कोन येतो २३ अंश. टॉकीजमधे १२ मीटर रुंदीचा पडदा १४ मीटरवरून पाहिला तर ४६ अंश, म्हणजे बरोबर दुप्पट. आता भाच्याचा मोबाईल घ्या, आडवा धरला की १५ सेंटीमीटर, आणि तो धरतो डोळ्यापासून ३० सेंटीमीटरवर, तर त्याचा कोन २८ अंश! म्हणजे डोळ्याच्या आतल्या रेटिनावर मोबाईलचं चित्र आमच्या टीव्हीपेक्षा मोठं पडून राहिलंय. आणि टीव्हीसमोर खुर्ची टाकून दीड मीटरवर बसलं तर टॉकीजएवढाच कोन घरीच मिळतो, फुकटात. तरी कोणी मोबाईलवर सिनेमा बघून "काय भव्य होतं" असं म्हटलेलं मी अजून ऐकलं नाही.

याचं कारण असं की मेंदू कोनावर थांबत नाही, तो विचारतो की वस्तू किती दूर आहे आणि मग ठरवतो की ती केवढी आहे. हे घरी करून बघता येतं. अंधाऱ्या खोलीत उजेडाच्या खिडकीकडे (सूर्याकडे अजिबात नाही) पंधरा-वीस सेकंद एकटक बघा, डोळ्यात तिचा चौकोनी ठसा राहतो. मग आपल्या तळहाताकडे बघा, ठसा लहानसा दिसेल. मग समोरच्या लांबच्या भिंतीकडे बघा, तोच ठसा मोठा होऊन भिंतीवर बसलेला दिसेल. रेटिनावरचा डाग तेवढाच आहे, एक कणभर वाढला नाही, फक्त मेंदूने अंतराने गुणाकार केला. याला एमर्टचा नियम म्हणतात, १८८१ सालचा आहे. मोबाईल बघताना दोन्ही डोळे नाकाकडे वळलेले असतात, भिंगाभोवतीचे स्नायू आवळलेले असतात, त्यावरून मेंदूला पक्कं माहीत असतं की ही हातातली वस्तू आहे. साधारण ६ मीटरच्या पुढे मात्र हे स्नायू सैल पडतात, दोन्ही डोळ्यांच्या नजरा जवळपास समांतर होतात, डोळ्यांचा डॉक्टर अक्षरांचा तक्ता ६ मीटरवर ठेवतो तो यासाठीच. टॉकीजमधल्या बहुतेक सीटा ६ मीटरच्या पलीकडे असतात. तिथे डोळा क्षितिजाकडे बघतो तसा बघतो, आणि मेंदू म्हणतो की समोर जे आहे ते दूर आहे आणि प्रचंड आहे.

कोनाचा दुसरा फायदा मात्र खरा आहे. आपल्याला स्पष्ट दिसतं ते नजरेच्या अगदी मधल्या दीड-दोन अंशात, म्हणजे हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या नखाएवढ्या भागात. बाकी सगळीकडे नजर धूसर असते पण हालचाल टिपण्यात ती पटाईत असते. आपण नागपूर स्टेशनवर गाडीत बसलेलो असतो, शेजारच्या फलाटावरची गाडी सुटते आणि वाटतं आपलीच निघाली, पोटात हलकंसं काहीतरी होतं, हात दांडीकडे जातो. नजरेचा मोठा भाग एकदम एका दिशेने सरकला की मेंदू असं समजतो की आपणच हललो, आणि आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेपर्यंत तो निरोप पोचतो. १८७५ मधे अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने यावर लिहून ठेवलंय. पडदा ४५ अंश व्यापत असेल तर कॅमेरा दरीवरून गेला की आपण सीटचा हात धरतो, २३ अंशात नाही धरत.

आता उजेडाची बाजू, आणि इथे मला स्वतःला धक्का बसला होता. मला वाटायचं टॉकीजचा पडदा टीव्हीपेक्षा जास्त उजळ असणार, एवढा मोठा प्रोजेक्टर असतो. उलटं आहे. डिजिटल सिनेमाच्या नियमाप्रमाणे पडद्यावरचा सगळ्यात पांढरा पांढरा हा दर चौरस मीटरला ४८ कँडेला असतो (कँडेला म्हणजे पडद्यातून निघणाऱ्या उजेडाचं माप). घरचा साधा एलईडी टीव्ही ३०० च्या घरात जातो, महागडे हजाराच्या वर. पिक्सेल बघायला गेलं तरी तेच, जगातले पुष्कळ डिजिटल प्रोजेक्टर २०४८ बाय १०८० चे आहेत आणि आजचा फोर-के टीव्ही ३८४० बाय २१६०. म्हणजे कागदावर घरचा टीव्ही उजेडातही पुढे आणि बारकाव्यातही पुढे, दुकानदार सांगतो ते खोटं नाही.

मग टॉकीजमधे चित्र एवढं जिवंत का वाटतं? कारण पांढरं किती पांढरं आहे यापेक्षा काळं किती काळं आहे यावर जास्त अवलंबून आहे. घरी ट्यूबलाईट चालू असते. समजा टीव्हीच्या काचेवर १०० लक्स (लक्स म्हणजे वस्तूवर पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड पडतोय आणि काच त्यातला ३ टक्के परत सगळीकडे पसरवते, तर पडद्यावर सगळीकडे दर चौरस मीटरला साधारण १ कँडेलाचा एक थर चढतो. दिवसाच्या सीनला तो कळत पण नाही. पण रात्रीच्या सीनमधे, जिथे विहिरीपाशी उभ्या असलेल्या माणसाचा चेहराच मुळात १ कँडेलाचा आहे, तिथे तो चेहरा त्या थरात विरघळून जातो. आईच्या त्या सिनेमात असे तीन सीन आहेत, घरी तिला तिथे फक्त काळपट धुकं दिसलं असणार.

आणि डोळा पण तयार व्हायला वेळ घेतो. मे महिन्यातल्या दुपारी आपल्याकडे बाहेर एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, त्या उन्हातून टॉकीजमधे शिरलं की पहिली दोन मिनिटं जिना पण दिसत नाही, बॅटरीवाला माणूस लागायचा सीटपर्यंत न्यायला. बाहुली तर काही सेकंदांतच मोठी होते पण तिचं काम थोडं, खरं काम रेटिनाचं. तिथे शंकूच्या आकाराच्या पेशी साधारण ६० लाख आणि दंडाच्या आकाराच्या १२ कोटीच्या आसपास. शंकू आठ-दहा मिनिटांत अंधाराला सरावतात, दंडांना त्यांचं रोडोप्सिन नावाचं रंगद्रव्य परत भरून घ्यायला अर्धा तास लागतो. जाहिराती, पाट्या, सिगरेटची सूचना, हे सगळं होईपर्यंत डोळा हळूहळू उघडत जातो आणि मग ते ४८ कँडेला लख्ख वाटायला लागतात. घरी आपण दर दहा मिनिटांनी फ्रिज उघडतो, मोबाईल उजळतो, आणि ही सगळी तयारी परत मागे जाते. शेजारच्याने टॉकीजमधे मोबाईल काढला की राग येतो ना, तो राग नुसता शिस्तीचा नाहीये, आपल्या रेटिनाने केलेलं काम तो माणूस खरोखर पुसून टाकतो.

मोशनबद्दल थोडक्यात सांगतो. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, १९२० च्या दशकाच्या शेवटी आवाज आला तेव्हापासून हे पक्कं झालं. रिळाच्या प्रोजेक्टरमधे चित्र सरकताना मधे झडप यायची, म्हणजे अडीच तासांच्या सिनेमात जवळपास अर्धा वेळ पडदा चक्क काळा असायचा आणि कोणाला कळायचं नाही. उभ्या चित्रांमधून मेंदू हालचाल कशी तयार करतो यावर मॅक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ मधे जे काम केलं त्यापासून मानसशास्त्राची एक मोठी शाखाच निघाली. आपल्या कामाचं एवढंच की नवे टीव्ही त्या २४ चित्रांच्या मधे स्वतःच्या मनाने जास्तीची चित्रं घुसवतात, त्यामुळे क्रिकेट छान दिसतं आणि सिनेमा सीरियलच्या शूटिंगसारखा दिसायला लागतो. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते, सेटिंगमधे मोशन असं काहीतरी लिहिलेलं सापडेल, ते बंद करा, किंवा फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा. एक पैसा लागत नाही आणि फरक पहिल्या मिनिटात दिसतो.

आता आवाज. माझं मत विचाराल तर आईला झोप लागली ती आवाजामुळे, चित्रामुळे नाही.

त्या मे महिन्यात ती मधेमधे म्हणत होती, "आवाज तर येऊन राहिला, पण काय बोलून राहिले ते समजून नाही राहिलं." आम्ही आवाज वाढवला, ती म्हणाली आता गाणं कानात बसतंय, कमी कर. कमी केला की परत शब्द गायब. घरोघरी हेच चालू असतं आणि आपण म्हाताऱ्या माणसांना म्हणतो की तुम्हाला ऐकू कमी येतं.

मी त्यानंतर मोबाईलच्या ॲपने कूलरचा आवाज मोजला, सोफ्यावर ६२ डेसिबल आला. ॲप काही प्रयोगशाळेतलं यंत्र नाही पण अंदाज येतो. कूलर बंद केल्यावर खोली ३८ वर आली. फरक २४ डेसिबलचा, आणि डेसिबल बेरजेने नाही तर गुणाकाराने वाढतात, दर १० ला दहापट, त्यामुळे २४ म्हणजे आवाजाची ऊर्जा अडीचशे पट. त्यात वाळ्याच्या ताट्यांतून येणारा तो फरफर आवाज एका सुराचा नसतो, खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो. कानाच्या आत शंखासारखी नळी असते, तिच्यात वेगवेगळ्या जागा वेगवेगळ्या सुरांना हलतात, आणि एखादी जागा आधीच कूलरने हलवून ठेवली असेल तर तिथे येणारा हळू आवाज मेंदूपर्यंत वेगळा म्हणून पोचतच नाही. झाकला जातो, एका पातेल्यावर दुसरं पातेलं ठेवावं तसा.

आणि झाकलं काय जातं? बोलण्यातले स्वर, आ, ई, ओ, हे जोरकस असतात. व्यंजनं, विशेषतः स, श, त, प, फ, ही अगदी अशक्त असतात, आणि त्यातली कितीतरी वरच्या पट्टीतली. आता "पाट", "ताट", "काट", "खाट" यांच्यात फरक कशाने पडतो बघा, पहिल्या अक्षराच्या एका बारीकशा फुंकरीने. ती फुंकर कूलरने खाल्ली की उरतो फक्त "आट". वय वाढलं की कान सगळ्यात आधी वरच्या पट्ट्या गमावतो, हे जवळपास सगळ्यांचं होतं, आई ६८ वर्षांची आहे. म्हणून तिला आवाज येत होता आणि शब्द येत नव्हता, तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं. आवाज वाढवला तर स्वर आणि संगीत आणखी मोठं होतं, व्यंजनं बिचारी मागेच राहतात. सिनेमा कळायला मेंदूला प्रत्येक वाक्य अंदाजाने जुळवावं लागत असेल तर अर्ध्या तासात दमून झोप येणारच.

टॉकीजमधे काय होतं? एक तर हॉल बाहेरच्या आवाजापासून बंद केलेला असतो. दुसरं, बोलण्याचा स्पीकर पडद्याच्या मागे असतो. पडदा लांबून गुळगुळीत दिसतो पण त्याला मिलीमीटरभराची हजारो छिद्रं असतात, जवळ गेलात तर दिसतील, त्यातून आवाज थेट नटाच्या तोंडातून आल्यासारखा येतो. सिनेमाच्या आवाजाचे वेगवेगळे रस्ते असतात, डावा, उजवा, मधला, आजूबाजूचे, आणि एक फक्त खर्जाचा, आणि बोलणं जवळजवळ सगळं मधल्या रस्त्याने येतं. घरच्या टीव्हीला तो मधला रस्ताच नसतो, तो संगीत, पाऊस, घोडे आणि संवाद हे सगळं मिळून दोन छोट्या स्पीकरमधे कोंबतो, आणि हल्ली टीव्ही इतके बारीक झालेत की ते स्पीकर पण मागे किंवा खाली तोंड करून असतात, आवाज भिंतीवर आपटून आपल्याकडे येतो.

खर्जाचं म्हणाल तर तिथे घरचा टीव्ही हरलेलाच आहे. आवाज सेकंदाला ३४३ मीटरच्या आसपास जातो, ४० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट साडेआठ मीटर लांब होते, आणि तेवढी हवा हलवायला मोठा स्पीकर लागतो, करंगळीएवढ्या स्पीकरला ते जमणार नाही. असा खर्ज आपल्याला कानाबरोबर छातीत पण जाणवतो. लहानपणी गणपतीच्या मिरवणुकीत ढोल जवळून गेला की बरगड्यांत काहीतरी व्हायचं, तेच.

टॉकीजच्या आवाजात आपण स्वतः पण एक सामान असतो, हे मला फार आवडतं. १८९५ मधे हार्वर्ड विद्यापीठात एक नवीन लेक्चर हॉल बांधला होता, त्यात प्राध्यापक काय बोलतो तेच कळायचं नाही, एक शब्द उच्चारला की तो साडेपाच सेकंद भिंतींवर आपटत राहायचा आणि तोवर पुढचे पंधरा शब्द त्याच्यावर येऊन बसायचे. वॉलेस सबाइन नावाच्या तरुण फिजिक्सच्या मास्तरला सांगितलं की बघ काय होतं ते. तो रात्री, सगळीकडे शांत झाल्यावर, शेजारच्या थिएटरमधल्या सीटच्या गाद्या उचलून त्या हॉलमधे आणायचा, ऑर्गनचा पाईप वाजवायचा, आणि आवाज किती वेळात विरतो ते घड्याळाने मोजायचा, मग सकाळ व्हायच्या आत गाद्या परत. त्यातून सूत्र निघालं की घुमण्याचा वेळ हा खोलीचं घनफळ भागिले आवाज शोषून घेणारी सामग्री यावर ठरतो, आणि गादीसारखाच माणूस पण आवाज शोषतो. तेव्हापासून हॉल बांधताना लोक भरलेले आहेत असं धरून हिशोब करतात. रिकाम्या मॅटिनीला आवाज जरा उघडा-उघडा वाटतो आणि हाऊसफुल्लला घट्ट वाटतो, तो भास नाहीये, शेजारच्या माणसांच्या स्वेटर-शालींनी खरंच आवाज सुधारलेला असतो.

माणसांचं निघालंच आहे तर पुढचं पण सांगतो, कारण तिथे गोष्ट आवाजाच्या पलीकडे जाते.

जर्मनीत माइन्त्झ नावाचं गाव आहे, तिथल्या मॅक्स प्लँक रसायनशास्त्र संस्थेच्या लोकांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यात एका मल्टिप्लेक्सच्या हॉलमधून बाहेर जाणाऱ्या हवेच्या पाईपात यंत्र लावलं. हॉलमधली हवा सतत बाहेर ओढली जाते, त्यात प्रेक्षकांचे श्वास असतात, आणि श्वासात कार्बन डायऑक्साइडबरोबर शेकडो बारीकसारीक रसायनं असतात. १६ सिनेमे, १०८ शो, साडेनऊ हजार माणसं. यंत्र दर अर्ध्या मिनिटाला हवा तपासायचं. निघालं काय, तर एकच सिनेमा वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या लोकांना दाखवला तरी हवेतला आलेख त्याच त्याच जागी वर उडायचा. श्वास रोखून बघायच्या सीनला आयसोप्रीन नावाचं रसायन वाढायचं. संशोधकांचं स्पष्टीकरण असं की आयसोप्रीन स्नायूंमधे साठलेलं असतं, आपण मुठी आवळतो, सावरून बसतो, छाती धडधडते, तेव्हा ते रक्तातून फुप्फुसात येऊन बाहेर पडतं. पुढे २०१८ मधे त्यांनी ११ सिनेमांच्या १३५ शोंवर पाहिलं की हवेतल्या आयसोप्रीनच्या चढउतारावरून तो सिनेमा कोणत्या वयाच्या मुलांना दाखवावा याचा अंदाज सुद्धा बांधता येतो. म्हणजे टॉकीजची हवा सिनेमाप्रमाणे बदलते, आणि ती आपण सगळे आत घेत असतो. त्या हवेने आपल्यावर काही परिणाम होतो असं या प्रयोगातून सिद्ध होत नाही, तेवढं लक्षात ठेवायला पाहिजे, पण एका अंधाऱ्या खोलीत बसलेल्या सगळ्यांची शरीरं एकाच क्षणी प्रतिसाद देतात हे तर दिसलं.

थोडं थांबून उलट बाजू पण बघू. २००४ मधे उरी हसन हा मेंदूशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाच जणांना एमआरआय मशीनमधे, एकेकट्याला, एका वेस्टर्न सिनेमाचा अर्धा तास दाखवला. मेंदूचे कितीतरी भाग पाचही जणांत बरोबरीने वर-खाली होत होते, जणू एकाच तालावर. आणि हे लोक एकत्र बसले नव्हते. जपानमधे तामामी नाकानो यांच्या गटाने २००९ मधे दाखवलं की गोष्ट असलेला व्हिडिओ बघताना लोक पापण्या पण एकाच वेळी मिटतात, जिथे थोडं सुटल्यासारखं असतं तिथे, म्हणजे काही हुकू नये म्हणून शरीर आपोआप जागा शोधतं. तर चांगला सिनेमा एकट्या माणसाला पण बांधून ठेवतो, हे खरं, आणि म्हणून घरी बघणाऱ्याला मी कधी कमी लेखत नाही.

पण सोबतीने एक गोष्ट होते, ती म्हणजे वाढ. रॉबर्ट प्रोव्हाइनने हसण्यावर आयुष्य घातलं, त्याचं निरीक्षण की माणूस एकटा असताना जेवढा हसतो त्याच्या तीसपट जास्त चार लोकांत हसतो. येल विद्यापीठात २०१४ मधे एक साधा प्रयोग झाला, दोन माणसं शेजारी बसून चॉकलेट खातात, एकमेकांशी एक शब्द बोलायचा नाही. शेजारचा पण त्याच वेळी तेच चॉकलेट खात असेल तर ते जास्त आवडतं, आणि तो दुसरंच काही करत असेल तर कमी. कडू चॉकलेट दिलं तर उलट, सोबत खाताना ते जास्तच कडू लागतं. म्हणजे सोबतीने गोड वाढतं असं नाही, जे आहे ते वाढतं. डिसेंबरमधे टॉकीजला गेलो त्या दिवशी आमच्या रांगेत पलीकडे आईच्याच वयाच्या दोन बायका होत्या, ओळख ना पाळख, आणि सिनेमातल्या एका गाण्याला तिघींनी एकदमच नाक ओढलं. घरी त्या सीनला मी सोफ्यावर बसून पेपर तपासत होतो.

हे तर मला सगळ्यात जास्त लागलं. कारण मेंदू दोन कामं एकदम करत नाही, तो उड्या मारतो, आणि प्रत्येक उडीला थोडा वेळ जातो, परत आल्यावर आपण कुठे होतो ते जुळवायला आणखी थोडा. पॉज बटणाचं पण तेच. बेल वाजली, पॉज. कुकरची शिट्टी झाली, पॉज. गोष्टीने दहा मिनिटं घेऊन जो ताण हळूहळू वर नेला तो पॉजच्या तीन मिनिटांत विरतो, चित्र गोठून उभं राहतं पण छातीतली धडधड थोडीच गोठते. टॉकीजमधे आपल्या हातात रिमोट नसतो, सिनेमा आपल्यासाठी थांबत नाही, आणि हे कळल्यामुळे माणूस आपोआप पूर्ण लक्ष देतो. एक गंमत अशी की सिनेमाची सुरुवात एकट्याने बघण्यातूनच झाली होती, एडिसनच्या किनेटोस्कोपच्या पेटीत एका वेळी एकाच माणसाने डोकावायचं, १८९४ मधे न्यूयॉर्कला त्याचं पहिलं दुकान उघडलं. ल्युमिएर बंधूंनी पुढच्याच वर्षी पॅरिसला भिंतीवर चित्र पाडलं आणि लोकांना एकत्र बसवलं, मग ७ जुलै १८९६ ला मुंबईत. भाचा मोबाईलवर डोकं खुपसून बसतो तेव्हा मला ती पेटीच आठवते.

टॉकीज म्हणजे सगळं चांगलंच असंही नाही. प्रोजेक्टरचा दिवा जुना झाला की उजेड कमी होत जातो, आणि तो वेळेवर बदलला नाही तर चित्र मळकट दिसतं, मागे एका हॉलमधे मी असा अख्खा सिनेमा संध्याकाळ झाल्यासारखा पाहिला. आवाज कुठे कुठे इतका चढवतात की लहान मुलांच्या कानाला बरा नाही, मुलं असतील तर मागच्या रांगा घ्या. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना घरी खाली अक्षरं लावता येतात, ज्यांना दोन तास बसवत नाही त्यांना घर आहे, आणि चौघांच्या तिकिटाला जे लागतं ते प्रत्येकाला दर महिन्याला जमणारं नाही. म्हणून घरचं बघणं सुधारायला पाहिजे, आणि ते जमतं. आम्ही मोशन बंद केलं, टीव्हीच्या समोरची ट्यूबलाईट बंद करून फक्त मागच्या भिंतीवर एक मंद दिवा ठेवला, सोफा पुढे ओढून २ मीटरवर आणला, मोबाईल आतल्या खोलीत, आणि मधला स्पीकर असलेला एक साउंडबार घेतला. उन्हाळ्यात सिनेमा दुपारी लावायचाच नाही, रात्री साडेनऊनंतर लावायचा, गच्चीवरून जरा वारा आला की कूलर एकवर. आई आता घरी पण पूर्ण सिनेमा जागी असते.

तिकीट काढताना मी सीट ठरवून घेतो. हॉलमधला आवाज जुळवताना माईक साधारण पडद्यापासून दोन तृतीयांश अंतरावर, मधोमध ठेवतात, त्यामुळे तिथे सगळ्यात नीट ऐकू येतं. आईचं मात्र गुडघ्यामुळे तिथे जमत नाही, तिला पाय पसरायला कडेची सीट लागते, आणि मला आधी काळजी वाटायची की कडेला डावा स्पीकर जवळ पडणार. कानाचा नियम असा आहे की दोन जागांहून एकच आवाज आला तर जो काही मिलीसेकंद आधी पोचतो तिकडूनच सगळा आला असं वाटतं, म्हणजे नट मधे उभा आणि शब्द भिंतीतून. पण बोलणं पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतं ते यासाठीच, की कडेला बसलेल्याला पण शब्द ओठांतूनच यावेत. मागच्या रविवारी गेलो तेव्हा मी खात्री करायला हळूच वाकून विचारलं, "आई, नीट ऐकू येऊन राहिलं ना?" तिने पडद्यावरची नजर न काढता माझ्या हातावर चापट मारून मला चूप केलं.